आण्णांना पाणी दाखवायला नेलं

"माणिकडोह किती झालं?"

जुलै लागला की आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन याच प्रश्नाने सुरू होतो. माझी तब्येत, नातवाची शाळा, सगळं त्यानंतर. पेपरात धरणसाठ्याचा चौकोन छापून येतो आणि तो त्यांनी सकाळीच वाचलेला असतो. तरी मला विचारतात, कारण मी पुण्यात राहते आणि त्यांच्या हिशेबात पुणं पाण्याच्या जवळ आहे. मग मी मोबाईलवर बघून सांगते. कुकडी प्रकल्पातली धरणं एकेक करून: येडगाव एवढं, वडज एवढं, डिंभे एवढं, पिंपळगाव जोगे एवढं. प्रत्येक आकड्याला ते "हं" म्हणतात. माणिकडोहचा आकडा सांगितल्यावरचा "हं" जरा लांबतो.

आमचं रान श्रीगोंदा तालुक्यात आहे. तीन एकर लिंबं, बाकी ज्वारी आणि कांदा. कुकडीचा डावा कालवा येडगाव धरणातून निघतो आणि जुन्नर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्याकडे जातो. लांबी अडीचशे किलोमीटरच्या आसपास. त्या कालव्याला चाऱ्या म्हणजे छोटे पाट, चाऱ्यांना पोटचाऱ्या, आणि आमचं रान एका चारीच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला. टेलचा शेतकरी म्हणजे काय हे टेलला राहिल्याशिवाय कळत नाही. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं अशी बातमी येते, मग पाणी कुठवर आलं याच्या बातम्या येतात, आणि पाणी बहुतेक वेळा रात्रीच पोचतं. लहानपणी आण्णा मध्यरात्री बॅटरी आणि फावडं घेऊन दारं धरायला, म्हणजे पाण्याला रानात वाट करून द्यायला, निघाले की मीही हट्टाने मागे जायची. अंधारात कोरड्या चारीत उभं राहायचं. आधी वास यायचा, ओल्या मातीचा. मग पाचोळा ढकलत येणारं पाणी सरसरल्याचा आवाज.

त्यामुळे धबधबा बघायला जाणं ही गोष्ट आमच्या घरात कधी घडलीच नव्हती. पाणी वरून पडताना बघायला पेट्रोल जाळून जायचं, हे आण्णांना सुचण्यासारखं नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात ते एकोणीस वर्षांचे होते. दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली. त्या वर्षाबद्दल ते फार बोलत नाहीत, पण अजून तांब्यातलं उरलेलं पाणी मोरीत ओतत नाहीत, तुळशीला नेतात.

या उन्हाळ्यात त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. जुलैत तपासणीसाठी पुण्याला आले, डॉक्टर म्हणाले सगळं छान आहे. घरी येताना मी सहज विचारलं, "आण्णा, आता दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतंय, तर काय बघायचं?" मला वाटलं, देहू-आळंदी म्हणतील.

"आपलं पाणी जिथं पडतंय ते बघायचंय," ते म्हणाले.

मंगळवारी पहाटे पाचला निघालो. शनिवार-रविवार मुद्दामच टाळला. पावसाळ्यात त्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी गाड्यांच्या रांगा लागतात. आण्णांनी मागच्या सीटवर एक कापडी पिशवी ठेवली होती, तिच्यात आमच्या बागेतली चार-पाच किलो लिंबं. कुणाकडे जायचं नव्हतं, तरी लिंबं होतीच. रिकाम्या हाताने घराबाहेर पडायचं त्यांना माहीत नाही.

नारायणगावपर्यंत आभाळ नुसतं भरलेलं होतं. जुन्नर सोडलं आणि पाऊस सुरू झाला. आपटाळ्याच्या पुढे चावंड किल्ल्याचा कातळ ढगात अर्धा बुडालेला दिसला. एका वळणावर उजव्या अंगाला लांबच लांब करडं पाणी उघडलं. मी गाडी बाजूला घेतली.

"आण्णा, हे माणिकडोह."

ते खाली उतरले. छत्री उघडली नाही. टोपी काढून खिशात घातली आणि तसेच पावसात उभे राहिले. काठावर तांबड्या मातीचा रुंद पट्टा अजून उघडा होता, म्हणजे धरण बरंच भरायचं होतं. त्यांनी तो पट्टा डोळ्यांनी मोजला असावा. हे धरण भरलं तर दहा टीएमसीच्या आसपास पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३१ कोटी लिटर. हा आकडा त्यांना पाठ आहे, पण आकड्याला काठ असतो, लाटा असतात, त्यावर पाऊस पडतो, हे ते पहिल्यांदाच बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "एवढं मोठंय व्हय. आन् पुरत न्हाई."

पूर गावात कुकडेश्वराचं जुनं कोरीव दगडी देऊळ आहे. कुकडी नदी इथे उगम पावते असं मानतात. आण्णांनी शंकराला दोन लिंबं ठेवली.

पुढे घाटघर. खाचरांत भाताची आवणी चालू होती. डोक्यावर प्लॅस्टिकची घोंगडी घेतलेल्या बायका एका रेषेत वाकलेल्या होत्या. पाणी बांधावरून बांधावर, एका खाचरातून दुसऱ्यात, कुणी दारं न धरता आपोआप उतरत होतं. आण्णा काच खाली करून बघत राहिले. त्यांचं निम्मं आयुष्य पाण्याला वाट काढून देण्यात गेलं, आणि इथे पाण्याला कुणी काही सांगतच नव्हतं.

आठच्या सुमाराला नाणेघाटाच्या माथ्यावर पोचलो. आणि काहीही दिसेना. दहा पावलांवरची गाडी दिसत नव्हती, इतकं धुकं. ज्यांना इथे यायचंय त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की हातात वेळ ठेवून या. धुकं तासभर हलत नाही आणि मग दोन मिनिटांत उडून जातं. तेवढ्या वेळात आम्ही घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण बघितला. घाटातून येणाऱ्या-जाणाऱ्या मालावरची जकात यात टाकत असं सांगतात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे आणि पुढे पैठणकडे जाणारी ही सातवाहनांची वाट, दोन हजार वर्षांहून जुनी. रांजणाच्या खालच्या अंगाला, कातळातल्या अरुंद खिंडीत थोडं उतरलं की लेणं लागतं. पायऱ्या निसरड्या होत्या. आण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून बसत-उठत उतरले.

लेण्यात भिंतीभर ब्राह्मी लेख आहे. सातवाहन राणी नागनिका हिच्या नावाने तो ओळखला जातो. केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानांची यादी त्यात आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. भारतातल्या सगळ्यात जुन्या कोरीव आकड्यांपैकी काही आकडे या भिंतीवर आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता वर नावं राहिलीत आणि खाली पावलांच्या खुणा. मी आण्णांना हे सगळं सांगत होते. त्यांनी विचारलं, "कुठला आकडा?" मी दाखवला. मला वाचता येत नाही, फक्त कुठे आहेत ते माहीत होतं. ते जवळ गेले, नव्या डोळ्याने निरखून बघितलं. "दान दिल्यालं लिहून ठेवलं ते बरं केलं," म्हणाले. घरी त्यांच्याकडे १९८० पासूनच्या हिशेबाच्या वह्या आहेत.

वर आलो तेव्हा वारा बदलला होता. धुक्याला एक भोक पडलं, मग ते फाटतच गेलं आणि समोर कडा दिसला. नानाचा अंगठा नावाचा सुळका, जीवधन किल्ल्याची काळी भिंत, आणि खाली, खूप खाली, कोकणातली हिरवी शेतं. घाटमाथा इथे उतरत नाही, तुटतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसून हा दख्खनचा बेसॉल्ट झाला, आणि पश्चिमेच्या अंगाला तो असा ताठ कापलेला उभा आहे.

माथ्यावरून एक ओढा येत होता, फार मोठा नव्हे, गुडघाभर. तो कड्याशी आला, खाली झुकला आणि वर उडाला.

मी फोटो बघितले होते, चित्रफिती बघितल्या होत्या, तरी तो क्षण मला नीट सांगता येत नाही. पाणी कड्यावरून सुटतं, वीतभर खाली जातं, आणि खालून कुणीतरी ओंजळीने परत भिरकावल्यासारखं आभाळात जातं. तिथून फुटून थेंब होतं, थेंबांचं तुषार होतं आणि आपल्या डोक्यावरून मागे, पठारावर येऊन पडतं. पाऊस वरून पडत होता आणि कोकणातून वरही येत होता. वाऱ्याचा आवाज इतका की शेजारी उभं राहून ओरडावं लागत होतं.

कारण साधं आहे. समुद्रावरून येणारा नैऋत्येचा वारा कोकण ओलांडून या भिंतीवर आदळतो. पुढे जायला जागा नाही म्हणून भिंतीला धरून वर चढतो, आणि माथ्याच्या ओठाशी त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. ओढा बारीक असेल तर वारा त्याला खाली जाऊच देत नाही. मोठा पाऊस होऊन ओढा भरला की पाण्याचं वजन जिंकतं. वारा पडला तरी धार मुकाट खाली जाते. आम्ही उभे असताना दोन्ही होत होतं. मिनिटभर धार वर, मग एकदम वारा दम घ्यायचा आणि पांढरी दोरी सरळ दरीत सुटायची.

हा दम घेणं भयंकर आहे, म्हणून लिहिते. तिथे काही मुलं कड्याच्या ओठावर हात पसरून वाऱ्यावर रेलून उभी होती. वारा त्यांना पेलत होता, त्यामुळे त्यांना ते सुरक्षित वाटत होतं. पण वारा अचानक थांबतो आणि थांबण्याआधी कळवत नाही. आण्णांनी त्यांना बघितलं आणि शेतात बैलाला हाक मारावी तशा आवाजात ओरडले, "ए बाळांनो, मागं या!" आली, खरंच आली. २०२४ च्या जूनअखेर लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातली माणसं वाहून गेली, तेव्हा आण्णांनी मला फोन करून तासभर सांगितलं होतं की वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर कधी जायचं नाही. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर डोंगरात पडलेला असतो आणि तो मिनिटांत खाली येतो. चारीला पाणी वाढतं तेव्हाही आवाज आधी बदलतो, ते म्हणाले होते. पाण्याजवळ गाणी लावून उभं राहू नये, ही त्या दिवसापासून माझीही ठाम अट आहे. आवाज ऐकू आला पाहिजे.

आम्ही कड्यापासून पंधरा-वीस पावलं मागे, एका खडकाच्या आडोशाला बसलो. आण्णा पडणाऱ्या पाण्याकडे बघत नव्हते. ते जमिनीकडे बघत होते.

"हा वढा कुठनं येतोय?"

"वरून, पठारावरून."

"आन् पडला की?"

"खाली मुरबाडकडे. उल्हास नदीच्या खोऱ्यातून समुद्राला, अरबी समुद्राला."

ते उठले. काठी टेकत पूर्वेकडे चालायला लागले, मी छत्री धरून मागे. रानात ओल बघायला फिरतात तसेच, मान खाली. बारीक बारीक ओघळ कड्याकडे चालले होते. आम्ही चालत राहिलो. सड्यावर पातळ माती, तिच्यात सगळीकडे तेरड्याची रोपं, मध्येच रानहळदीचा गुलाबी तुरा. जमीन इतकी सपाट की चढ जाणवतच नव्हता. बऱ्याच अंतरावर ते थांबले, काठीचं टोक एका ओघळात धरलं आणि पाणी कुठल्या बाजूला फाकतं ते बघितलं. दोन पावलं पुढे गेले. पुन्हा धरलं.

"हितनं आपलं," ते म्हणाले.

मला उतार दिसत नव्हता, पण त्यांच्या डोळ्याबद्दल शंका घेण्याचं कारण नव्हतं. पन्नास वर्षं ते बोटाएवढ्या उतारावर पाणी चालवत आलेत. तिथून पुढचा प्रत्येक ओघळ घाटघरकडे, कुकडीकडे, माणिकडोहकडे निघाला होता. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला, भीमा उजनी करून पंढरपूरला जाते आणि तिथे चंद्रभागा होते, मग कृष्णा, मग बंगालचा उपसागर. काही पावलं अलीकडे पडलेला थेंब अरबी समुद्राचा, काही पावलं पलीकडे पडलेला विठोबाच्या पायाशी जाणारा.

मी मागे वळून बघितलं. कड्यावरून उडालेले तुषार धुक्यासारखे पठारावर पसरत येत होते. मोठे थेंब त्याच ओढ्यात परत पडून पुन्हा उडी मारायला जात होते. पण सगळ्यात बारीक जे होते ते कुठेच पडत नव्हते, वाऱ्यावर बसून पूर्वेला चालले होते, आमच्या डोक्यावरून. आण्णांचा चेहरा त्याने ओला झाला होता. मी म्हटलं, "आण्णा, समुद्राला निघालेलं पाणी वारा इकडे आणून टाकतोय." त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि तो हात कपाळाला लावला.

परतताना घाटघरच्या अलीकडे एका घरासमोर थांबलो. पडवीत एक बाई बसल्या होत्या, आण्णांपेक्षा थोड्या लहान असतील. चहा घ्या म्हणाल्या. चुलीजवळची ऊब इतकी बरी वाटली की आम्ही जवळपास तासभर बसलो. आण्णांनी विचारलं, "पाऊस कवापासनं हाय?" त्या म्हणाल्या, "आता गवराईपर्यंत हेच. कपडं वाळत न्हाईत, लाकूड पेटत न्हाई."

"तुमचं बरं आहे मावशी, पाण्याची चिंता नाही," मी म्हटलं. बोलले आणि लगेच कळलं की चूक झाली.

त्या शांतपणे म्हणाल्या, "चैत-वैशाखात ये ना. मंग दावते पाणी." उन्हाळ्यात ओढे कोरडे पडतात, विहिरीचा तळ दिसतो, मग झऱ्याशी बसून वाटी वाटीने हंडा भरायचा. एवढा पाऊस पडतो, पण खाली सलग कातळ, वर वीतभर माती. पाणी मुरायला जागा नाही. पडतं आणि निघून जातं. आम्ही सकाळी ज्याला धबधबा म्हणून बघून आलो, ते तिच्या घरून निघून जाणारं पाणी होतं.

"मंग जातंय ते धरणात जातंय," त्या म्हणाल्या. "माझ्या बापाचं शेतबी त्यातच हाय. आंब्याचं झाड व्हतं बांधाला. धरण लई खाली गेलं तर गाळात बांध दिसतो."

आण्णांचा कप हातातच राहिला. त्यांनी विचारलं नाही की मोबदला मिळाला का, दुसरीकडे जमीन मिळाली का. मला वाटतं, उत्तराची त्यांना भीती वाटली. एवढंच म्हणाले, "आम्ही खालचं. त्या पाण्यावरचं."

"कुठलं?"

"श्रीगोंद्याचं."

"लांब हाय का?"

"पाटानं लांब हाय."

मग ते उठून गाडीपाशी गेले आणि लिंबांची पिशवी घेऊन आले. तिच्या पुढे ठेवली, नुसती ठेवली नाही, खाली बसून दोन्ही हातांनी सरकवली. "हे तुमच्याच पाण्याचं हाय," म्हणाले. बाईंनी एक लिंबू उचललं, वास घेतला. "कागदी हाय," म्हणाल्या. "रस हाय चांगला." आत जाऊन त्यांनी ओंजळभर बाळहिरडा आणला आणि आण्णांच्या उपरण्यात बांधून दिला. या भागातली आदिवासी कुटुंबं उन्हाळ्यात हिरडा गोळा करतात, वाळवतात, विकतात. हातात रोख पैसा येण्याच्या थोड्या वाटांपैकी ती एक. आण्णांनी पैसे द्यायला खिशात हात घातला तेव्हा त्या रागावल्या. त्यांनी हात बाहेर काढला.

जुन्नर येईपर्यंत ते बोलले नाहीत. माणिकडोह पुन्हा दिसलं तेव्हा मी गाडी हळू केली. ते पाण्याकडे बघत होते, पण सकाळसारखं काठाकडे नाही, मधोमध.

नंतर फोनवर एक फरक पडला. आता पहिला प्रश्न असतो, "घाटघरला पाऊस हाय का?" माणिकडोह दुसरं. मध्ये एकदा विचारलं की मे महिन्यात तिकडे जाता येईल का, रस्ता कसा असतो. मी म्हटलं, मे महिन्यात तिथे काही नसतं. "म्हणूनच," ते म्हणाले. जाणार आहोत. टाकी, झरा, पाणी अडवायला जागा कुठे आहे, त्यांना बघायचंय. त्यांच्या वयाच्या माणसाच्या हातून किती होईल मला माहीत नाही, पण त्यांनी वहीत त्या बाईंचं घर कुठल्या वळणावर आहे ते लिहून ठेवलंय.

ऑगस्टच्या शेवटी आवर्तन सुटलं. रात्री अडीच वाजता माझा फोन वाजला. या वेळी वडिलांचा फोन म्हटल्यावर छातीत धस्स झालं. उचलला तर पलीकडून कुणीच बोलेना. आधी रातकिडे ऐकू आले. मग पाचोळा सरकल्यासारखं काहीतरी, मग सरसर, मग एकसारखा, भरत जाणारा आवाज. त्यांनी फोन चारीत खाली धरला होता.

"येतंय का ऐकू, बाई?"